इरल्याखालची पितळी पाठ

संग्रहालयातून बाहेर पडलेल्या माणसाला माझे काम आठवत असेल, तर ते काम बिघडले असे समजावे. गोल बुडाचा रांजण, ज्याला स्वतःहून कधीच उभे राहता आले नसते, तो काचेआड ताठ उभा असतो. तलवार हवेत आडवी निजलेली असते. पैंजण न दिसणाऱ्या पायाभोवती वर्तुळ धरून थांबलेले असते. पाहणारा वस्तू पाहतो, शेजारची पाटी वाचतो आणि पुढे जातो. ती वस्तू तिथे कशाच्या बळावर राहिली, हा प्रश्न त्याला पडू नये, यासाठीच मी नोकरीला होतो.

पुण्यातल्या एका संग्रहालयात अडतीस वर्षे मी वस्तूंच्या बैठका, म्हणजे त्यांना उभे धरणारे आधार, केल्या. कागदोपत्री माझा हुद्दा ‘प्रदर्शन सहायक’ असा होता. माझ्या गावी, बोरी बुद्रुकला, वडिलांना कुणी विचारले, तर ते ‘पोरगा पुण्यात फिटर हाय’ एवढेच सांगत. ते खरे होते. आयटीआयमधून मी फिटर होऊनच बाहेर पडलो. फक्त यंत्राच्या ऐवजी पहिल्याच दिवशी माझ्या हातात दोन हजार वर्षांपूर्वीची पणती दिली गेली आणि सांगण्यात आले, “हिला न दुखवता उभी करा.”

काम सांगायला सोपे आहे. पितळेची सळई तापवून लाल केली, की निवल्यावर ती मऊ पडते आणि हाताचे ऐकते. वस्तूच्या अंगाबरोबर ती वाकवत न्यायची. जिथे भार येतो तिथे खालून टेकण द्यायचे. जिथे वस्तू कलते तिथे वरून एक बारीक बोट. सांध्यांना चांदीचा डाख द्यायचा, कानशीने घासायचे, जिथे स्पर्श होईल तिथे मऊ कातडे लावायचे आणि शेवटी त्या सगळ्यावर वस्तूचाच रंग चढवायचा. वस्तूला भोक पाडायचे नाही, खिळा मारायचा नाही, डिंक लावायचा नाही. आपण केलेले सारे उद्या कुणालाही काढता आले पाहिजे, आणि काढल्यावर वस्तूवर आपली खूण राहता कामा नये.

अंगावर घालायच्या वस्तूंचे काम निराळे. बांगडी टेबलावर ठेवली तर ती नुसते कडे दिसते. मनगटाच्या उंचीवर, मनगटाच्या कलाने धरली तर बांगडी दिसते. म्हणून मनगट घडवावे लागते, आणि ते दिसू द्यायचे नसते. शिरस्त्राणाला डोके, हाराला गळा, पैंजणाला घोटा. इतकी वर्षे मी नसलेल्या माणसांची शरीरे घडवत आलो. दुपारी दालनात कुणी नसले आणि उंच झरोक्यातले ऊन एका पेटीवरून दुसऱ्या पेटीवर सरकत असले, की ती माणसे आपापल्या जागी येऊन उभी राहत असावीत, असे वाटे. मी याविषयी कुणाशी बोललो नाही. कचेरीत अशा गोष्टी बोलायच्या नसतात.

एकदा कुकडीच्या पात्रातून आलेले एक दगडी हत्यार माझ्याकडे आले. लहानपणी बोरीच्या नदीकाठी असले दगड आम्ही पायांनी उडवत असू. विभागातील विद्वानांचे म्हणणे, टोक वर हवे. तसे केले, दगड दगडच राहिला. टोक खाली केले, तरीही दगडच. चौथ्या दिवशी मी हातमोजा काढला आणि तो तळहातात घेतला. हात आपोआप मिटला. अंगठ्यापुरता एक खळगा होता, त्यात अंगठा बसला. ज्या कोनात तो हातात राहिला, त्याच कोनात मी त्याची बैठक केली आणि माझी तीन बोटे जिथे टेकली होती तिथे पितळेची तीन बोटे ठेवली. त्या माणसाच्या आणि माझ्या हाताचे माप एक होते. हे मी नोंदवहीत लिहिले नाही, कारण नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता.

गिऱ्हाइके विचित्रही भेटली. ओतूरकडचे एक गृहस्थ घराण्याची तलवार घेऊन आले. टोक खाली असलेली बैठक पाहून ते भडकले. “आमच्या घराण्याची तलवार मान खाली घालणार नाही!” टोक वर केले तर मूठ खाली जात होती, तेही चालेना. अखेर मी ती आडवी केली आणि म्हणालो, “तलवारीने मान खाली घातलेली नाही. ती विश्रांती घेत आहे.” ते समाधानाने चहा पिऊन गेले. अभिप्रायाच्या वहीतही एका बाईंनी लिहून ठेवले होते, ‘वस्तू हवेत तरंगतात, बहुधा चुंबक लावले असावे.’ नोकरीतली तेवढी एकच शाबासकी. ते पान मी अनेकदा उघडून पाहिले.

एक चीरही माझ्या नावावर आहे. भाजलेल्या मातीचा वीतभर घोडा होता. तो किंचित डुलत होता, म्हणून मी मानेवरचे बोट जरा आवळले. काही महिन्यांनी मानेला केसासारखी रेघ दिसली. वरिष्ठांनी अहवालात ‘चीर पूर्वीची असावी’ असे लिहिले. ती पूर्वीची नव्हती. मी गप्प राहिलो. त्यानंतर धरायचे, आवळायचे नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. पण गप्प राहण्याची सवय काही तेवढ्याने गेली नाही.

निवृत्तीनंतर मी ओतूरला स्थायिक झालो. ऐरण, पकडी आणि डाखाचे सामान एका पेटीत भरून ठेवले. दोन वर्षे ती उघडली नाही. मग एके सकाळी घोडेगावचे केंगले सर आले. ते विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, मूळचे आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या वस्तू त्यांनी जमवल्या होत्या आणि भाताच्या एका रिकाम्या गोदामात त्या मांडायच्या होत्या.

“काका, तुम्ही नुसतं येऊन बघा,” सर म्हणाले.

“नुसते बघायला मी कुठे जात नाही.”

“मग पक्कड घेऊन या.”

मी पक्कड घेऊन गेलो. गोदामात भाताच्या कोंड्याचा वास होता. पाणी चढण्याआधी माणसांनी जे डोक्यावर घेऊन वर आणले, ते तिथे होते: मुसळे, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, समया, आणि भिंतीला टेकून रांगेने उभ्या केलेल्या दारांच्या चौकटी. त्या चौकटींची घरे पाण्यात होती. एका चौकटीतून पाहिले तर मागे दुसरी चौकट दिसे, तिच्यातून तिसरी. चालत राहिलो तर आपण पाण्याखालच्या गावात पोहोचू, असे मला क्षणभर वाटले. मी टेप काढून मापे घ्यायला लागलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोदामाच्या दारात एक इरले चालत आले. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पाने, वर डोक्यापासून खाली गुडघ्यांपर्यंत पाठ झाकणारे, होडी कापून अर्धी केल्यासारखे ते पावसाळी आच्छादन. खाली दोन अनवाणी पाय होते. बाहेर पावसाचा थेंब नव्हता. इरले दालनाच्या मध्यापर्यंत आले, खाली बसले आणि त्याच्या आतून एक म्हातारी बाहेर आली. मागे इरले कासवासारखे जमिनीवर राहिले.

“हसू नगा,” ती म्हणाली. “एष्टीत कंडक्टर म्हनला, आजी, डिकीत टाका त्ये. म्हनलं, तूच बस की डिकीत.”

ही हौसाबाई. वय ऐंशीच्या पुढचे. तिचे गाव आणि खाचरे धरणात गेली. आता ती वरच्या अंगाला मुलाकडे राहते. सर तिला ओळखत होते. मी कोण, हे तिला कळत नव्हते.

“ह्ये पावनं काय करत्यात?”

“मी वस्तूंना आधार देतो,” मी म्हणालो. “त्यांच्या बैठका करतो.”

“म्हंजी टेकू लावता.”

“टेकूच.”

“मंग तसं सांगावं की भाऊ.”

माझ्या हुद्द्याचे इतके नेमके भाषांतर त्याआधी कुणी केले नव्हते.

इरले तिच्या नवऱ्याने विणलेले होते. “त्याच रानातली कामटी, त्याच रानातलं पान,” ती म्हणाली. “आता रान बी न्हाई आन् त्यो बी न्हाई. आमी ह्ये चुलीवर आढ्याला टांगायचो. धूर बसला की किडा शिवत न्हाई. आता सुनंनं ग्यास आनला, भिंतीला फरशा लावल्या. चांगलं केलं, डोळं तरी वाचलं तिचं. पर ह्ये धुराबिगर जगायचं न्हाई. म्हनून तुमच्याकडं आनलं.”

“आम्ही जपू, आजी,” सर म्हणाले.

“जपा. पर सांगून ठिवते सर, पान गळाया लागलं की मी न्हेनार. घरी न्हेऊन चुलीत घालीन, पर लोकाच्या दारात कुजू देनार न्हाई.”

तिने हे आवाज न चढवता सांगितले. असे बोलणारी माणसे बोलल्याप्रमाणे करतात.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. मी देशावरचा, बाजरी-कांद्याच्या गावचा. पावसात आम्ही पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतो. इरले मी तोवर एसटीच्या खिडकीतून, लांबच्या खाचरात ठिपक्यासारखे पाहिले होते. माझ्या लेखी ते अंगावर घ्यायचे वस्त्र होते, आणि वस्त्र म्हटले की मी माणूस उभा करतो. अडतीस वर्षे तेच केले होते. हातमोजे घालून, खाली कापड सरकवून सरांनी आणि मी ते उचलले. उचलताना काही पाने मोडली. वयाचा दोष, असे मी म्हणालो. मग एक सरळ खांब, त्याला डोक्याची कमान, खांद्याचे दोन हात, कमरेचे दोन हात अशी बैठक करून मी इरले तिच्यावर उभे केले.

ते सुंदर दिसत होते. संध्याकाळचे ऊन दारातून आत आले की कामट्यांच्या फटींतून ते भिंतीवर चौकडी पाडत असे, आणि कुणी बाई आपल्याकडे पाठ करून, पाऊस थांबण्याची वाट पाहत उभी आहे असा भास होई. तिने वळून पाहावे असे वाटे. मी खुर्ची घेऊन तिच्यामागे बसत असे. सर कौतुकाने म्हणत, “काका, जिवंत केलंत!” मी मनातून सुखावत असे.

दुसऱ्या सकाळी इरल्याखाली पानाचा चुरा होता. चिमूटभर. मी तो गोळा करून पाकिटात ठेवला. तिसऱ्या सकाळी पुन्हा. मी भिंगाने कीड शोधली, कीड नव्हती. वारा येईल म्हणून खिडकी बंद केली, तरीही चुरा पडला. पाचव्या दिवशी एक अख्खे पान खाली आले. मी सरांच्या आधी गोदामात पोहोचू लागलो. झाडून घ्यायचे, पाकीट खणात ठेवायचे आणि सर आले की चहा मागवायचा. एका थोर संस्थेतून निवृत्त झालेला कारागीर रोज सकाळी सात वाजता ओतूरहून एसटीने केर लपवायला येत होता.

अकराव्या दिवशी हौसाबाई बघायला आली. ती इरल्याच्या पाठीमागे उभी राहिली, मग बाजूला, मग पुढे. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिथे काही उमटले नाही.

“ही बाई उभी का हाय?” ती म्हणाली.

“इरलं घेऊन उभी आहे, आजी,” सर म्हणाले.

“त्ये दिसतंय. पर उभं ऱ्हाऊन कोन भात लावतं वं सर? ही काय पावन्याची वाट बगती का?”

सर हसले. मी हसलो नाही. ती खाली वाकली आणि तिने फरशीवरून बोट फिरवले. सकाळचा केर काढल्यानंतरही बोटाला तपकिरी भुगा लागला.

“पान गळतंय.”

“नाही आजी, रोज झाडतो आम्ही इथं,” सर म्हणाले. त्यांना खरेच ठाऊक नव्हते.

मातीच्या घोड्याची मान मला आठवली. मी टेबलाचा खण उघडला आणि पाकीट तिच्या हातात दिले. तिने ते उघडून पाहिले, एक तुकडा दोन बोटांत चुरला.

“कितीक दिसांचं?”

“दहा दिवसांचे. सर, तुम्हाला मी सांगितले नाही.”

सरांनी कोपऱ्यातल्या झाडूकडे पाहिले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

“किडा?”

“कीड नाही.”

“मंग?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. कामाच्या जागी हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले.

हौसाबाईने इरल्याकडे हात केला. “आवं भाऊ, पानं कौलावानी बसवल्याती. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर. मानूस वाकलं की ती एकमेकावर निजत्यात. तुमी उभं केलंय, ती घसरनारच. इरलं घेऊन उभं कवा ऱ्हातो आमी? घरी जाताना. बांधावरनं घरापतोर. बाकी समदा दीस वाकल्यालाच जातो.” मग ती सरांकडे वळली. “मी न्हेते त्ये. बोलल्यालं हाय माझं.”

“आजी, आता उचललं तर मोडेल,” सर म्हणाले. “घरी पोचेपर्यंत काही उरायचं नाही.”

“ऱ्हाईल त्येवढं जाळीन.”

सरांनी माझ्याकडे पाहिले. त्या गोदामात पुष्कळ मुसळे होती, समया होत्या. इरले एकच होते. धरणापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर सर वर्षभर फिरले होते. उरलेली इरली कुणी प्लॅस्टिक मिळाल्यावर फेकली होती, कुणाची किड्याने खाल्ली होती.

“आक्का,” मी म्हणालो, “मला आठ दिवस द्या.”

“कशापायी?”

“वाकलेली पाठ करतो.”

“कुनाची बगून?”

आमच्या धंद्यात पाठ नसतेच; वस्तूवरून ती ओळखायची असते, आणि मी ती चुकीची ओळखली होती. हौसाबाईने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग तिने पदर कमरेला खोचला, पाय अंतरावर रोवले आणि गोदामाच्या कोरड्या फरशीवर ती वाकली. एका झटक्यात, कंबरेतून, बिजागरीवर दार फिरावे तशी. डावे कोपर गुडघ्याला टेकले, उजवा हात फरशीवर आला. ऐंशी वर्षांच्या त्या देहाला उभे राहण्यापेक्षा वाकणे सोयीचे होते.

“घ्या माप,” ती खालून म्हणाली. “लाजू नगा. म्हातारीची पाठ हाय.”

मापासाठी मी शिशाची मऊ तार वापरतो. ती जिथे टेकवू तिथला आकार धरून ठेवते. मी ती तिच्या लुगड्यावरून, डोक्यापासून कमरेपर्यंत हलकेच दाबत नेली. मणक्यांच्या गाठी तारेत उमटत होत्या. मग आडवी तार खांद्यांवर, दुसरी बरगड्यांवर, तिसरी माकडहाडावर. जिच्यासाठी टेकू करायचा ती पाठ माझ्या हाताखाली श्वास घेत आहे, असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. तार श्वासाबरोबर वर-खाली होत होती. तिने श्वास सोडल्यानंतरचे माप मी घेतले.

ती वाकल्यावाकल्या बोलत होती आणि तिचा हात फरशीवर हळूहळू पुढून मागे सरकत होता, चार बोटांच्या अंतराने, रोप खोचावे तसा. “लई चांगलं खाचर व्हतं आमचं. वढ्याच्या कडंला. आवनीच्या टायमाला पानी कमी पडायचं, तवा सासू म्हनायची, देवा, पानी दे, पानी दे. आता घ्या म्हनावं. बारा म्हैनं पानीच पानी हाय त्याच्यावर.” ती खालीच हसली. “झालं का वं भाऊ? का आख्खं खाचर लावून घेता माज्याकडनं?”

“झाले.”

ती उभी राहिली तेव्हा मात्र तिला सरांचा हात धरावा लागला.

आठ दिवस मी ओतूरच्या घरामागच्या पडवीत काम केले. पितळेची एक कणा-सळई, तिला तीन आडव्या कमानी, कमानींच्या टोकांना कातडी गाद्या, आणि हे सारे मागच्या बाजूने धरणारा एक तिरपा खांब, खाली स्क्रूने वर-खाली होणारा. पितळ लाल होई, काळे पडे, मी ते वाकवी. शिशाची तार शेजारी ठेवलेली असे, आणि अधूनमधून ती किंचित हलली असे मला वाटे. पश्चिमेला ढग नव्हते, तरी पाण्यात पाय ओढल्याचा आवाज मी ऐकला. डोळ्यांपुढे खाचरे येत. त्यांत वाकलेली इरली, रांगेने, चेहरे नसलेली, मागे मागे सरकत जाणारी, आणि त्यांच्या पुढे हिरवे होत जाणारे पाणी. मी झोपलेला नव्हतो. हातात कानस होती. माझ्यासारख्या माणसाने अशा गोष्टी लिहू नयेत, पण मी पाहिले ते पाहिले.

ठरल्या दिवशी मी पूर्ण तयारीने गेलो. हातमोजे, दोन फळ्या, कापडाच्या चार पट्ट्या आणि इरले उचलण्याचा कागदावर काढलेला क्रम. खाली फरशीवर पांढरा कागद अंथरला, म्हणजे जे पडेल ते दिसेल. हौसाबाईने फळ्या पाहिल्या, पट्ट्या पाहिल्या.

“ह्ये काय? मढं बांधाय आलाय का?”

“इरले उचलायचे आहे, आक्का.”

“इरलं उचलत न्हाईत,” ती म्हणाली. “इरल्यात शिरायचं असतं.”

मी हातातल्या क्रमाकडे पाहिले. त्यात सोळा पायऱ्या होत्या. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

“एक बी पान गळलं तर मी अशीच बाहीर चालाया लागनार, इरल्यासकट,” ती म्हणाली. “कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. सरांनीही मान हलवली.

ती खांबाच्या पुढून, खाली बसून, इरल्याच्या पोकळीत शिरली आणि हळूहळू उभी राहिली. डोके कमानीखाली आले. आता आत दोन शरीरे होती, एक पितळेचे आणि एक तिचे. “आलं माज्या डोक्यावर,” ती आतून म्हणाली. मी कमरेचे हात सोडवले. मग खांद्यांचे. एकेक स्क्रू फिरत गेला, माझा टेकू थोडा थोडा निघत गेला आणि त्याच्या जागी ती येत गेली. शेवटी मी खांब खालून ओढून घेतला. इरले तसूभरही हलले नाही.

“आता?” सर कुजबुजले.

“आता ती वाकेल.”

ती वाकली. पानांच्या आत एक लांब सळसळ झाली, मुठीतले दाणे सुपात ओतल्यासारखी, आणि थांबली. पाने आपापल्या जागी निजली होती. मी गुडघ्यांवर बसलो, पितळी पाठ मागच्या बाजूने तिच्या पाठीच्या आणि इरल्याच्या मधल्या फटीत सरकवली. बोटभर जागा होती. कमानी तिच्या खांद्यांवरून पुढे गेल्या. ज्या शरीरावरून त्या घडवल्या होत्या, त्याच शरीरावर त्या बसल्या. मी खालचा स्क्रू फिरवू लागलो. एक फेरा, थांबायचे, दुसरा फेरा.

“उचललं का?”

“अजून नाही.”

दोन फेरे.

“आता हलकं लागतंय.”

“आता भार माझ्याकडे आला. खाली बसून पुढून निघा, आक्का.”

ती निघाली नाही. “कागूद बगा आदी,” ती म्हणाली.

मी चष्मा पुसला आणि फरशीला गाल लावून कागद पाहिला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सरही पलीकडून पाहत होते. कागद पांढरा होता.

“पान नाही. चुराही नाही.”

तिने आतूनच कागदावरून बोट फिरवले.

“मंग ऱ्हाऊ द्या हितंच,” ती म्हणाली.

सरांनी भिंतीकडे तोंड फिरवून नाक पुसले. मी स्क्रूवरचा हात काढला. माझे काम संपले होते. पितळ आपल्या बळावर उभे होते, आणि त्याच्या खाली, ज्याची आता काही गरज उरली नव्हती, ती म्हातारी पाठ तशीच वाकलेली होती. दोन पाय दिसत होते. उजवा हात फरशीवर होता. तो चार बोटांच्या अंतराने मागे सरकला, थांबला, पुन्हा सरकला. सर मला खुणेने विचारत होते, बाहेर काढू या का? मी हाताने नको म्हटले.

काही वेळाने आतून आवाज आला. तो मघाचा नव्हता. तो लांबच्या कुणाला तरी, बांधावर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारल्यासारखा होता.

“उघडलं का वं?”

इरल्याखाली वाकलेल्या बाईला आभाळ दिसत नाही. पाऊस थांबला की नाही, हे तिला कुणा उभ्या माणसाला विचारावे लागते. गोदामाच्या दारात लख्ख ऊन पडले होते. रस्त्यावरून एक रिकामा टेम्पो धुरळा उडवत गेला.

“नाही,” मी म्हणालो. “अजून पडतोय.”